गाड्या ११८, जोडण्या १,०१३

शाळा सुरू होऊन चारच दिवस झाले होते. दुपारी बारा वीसला मालकांचा फोन आला. मालक म्हणजे मुलुंड ते चेंबूर पट्ट्यातल्या शाळांना बस पुरवणारे गृहस्थ. गाड्या ११८, सगळ्यांत जीपीएस ट्रॅकर, आणि पालकांच्या मोबाइलवर आम्ही बनवलेलं ॲप.

"अहो, एकही गाडी दिसत नाहीये. मुलुंडला आया गेटवर छत्र्या धरून उभ्या आहेत, मला विचारतायत बस कुठाय. काय सांगू? एलबीएस रोडवर कुठेतरी अडकली असेल म्हणून?"

नकाशा उघडला. तीन ठिपके हिरवे, बाकी सगळे करडे. सर्व्हरवरचा आमचा प्रोग्रॅम रीस्टार्ट केला. पंधरा-वीस मिनिटांत ठिपके एकेक करून परत आले. सुटलो म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. सकाळची पाळी मात्र रोज व्यवस्थित. साडेसहाला बघावं तर ११८ पैकी ११८ हिरव्या.

हे सोडवायला नऊ दिवस लागले. त्यातले सात आम्ही भलत्याच ठिकाणी शोधत होतो. बिघाड एकटा नव्हता. तीन-चार किरकोळ गोष्टी एकमेकींना झाकत होत्या, आणि त्यातल्या निम्म्या माझ्या हातच्या होत्या.

आधी मांडणी

पालक "जीपीएस बंद आहे" म्हणतात तेव्हा दहातल्या नऊ वेळा जीपीएस चालूच असतं. जीपीएस म्हणजे नुसतं ऐकणं. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह वेळ आणि स्वतःची जागा सांगत जातात, ट्रॅकर ते ऐकून स्वतःचं ठिकाण काढतो. उपग्रहाला आपल्या बसचा पत्ताही नसतो. काढलेलं ठिकाण सर्व्हरपर्यंत पोचवायचं काम ट्रॅकरमधल्या सिमचं. म्हणजे वाट अशी: ट्रॅकर, मोबाइल कंपनीचं जाळं, इंटरनेट, आमचा सर्व्हर. नकाशावर ठिपका करडा झाला तर या चारपैकी कुठेतरी तुटलं, एवढंच कळतं.

आमचे ट्रॅकर जीटी०६ या प्रोटोकॉलवर, म्हणजे ठरलेल्या भाषेत, बोलतात. भारतात स्वस्त ट्रॅकरमध्ये हाच फार दिसतो. टीसीपी जोडणी (इंटरनेटवर दोन यंत्रांमध्ये उघडी राहणारी बोलण्याची वाट) झाली की ट्रॅकर आधी लॉगिनचं पाकीट, म्हणजे ओळख सांगणारा डेटाचा छोटा गठ्ठा, पाठवतो. सुरुवात ७८ ७८, मग लांबी, मग ०१, आणि आठ बाइटमध्ये स्वतःचा पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे प्रत्येक यंत्राचा वेगळा ओळख क्रमांक. सर्व्हरने त्याला पोच द्यायची असते. पहिल्या पाकिटाची पोच ७८ ७८ ०५ ०१ ०० ०१ डी९ डीसी ०डी ०ए. हे काम करणाऱ्या माणसाला हे दहा बाइट स्वतःच्या पिनकोडसारखे पाठ असतात. पोच मिळाली नाही तर ट्रॅकर ठिकाण पाठवतच नाही. तो जोडणी तोडतो, परत प्रयत्न करतो, आणि तीनदा जमलं नाही की काही मिनिटांनी स्वतःलाच रीस्टार्ट करतो. पहिल्या दिवशी ठिपके एकदम न येता एकेक करून आले, ते यामुळे.

गाडी चालू असताना आमचे ट्रॅकर दर १५ सेकंदांनी ठिकाण पाठवतात. चावी काढली की ठिकाण बंद, फक्त हार्टबीट. १३ क्रमांकाचं पंधरा बाइटचं छोटं पाकीट, "आहे मी" एवढंच सांगणारं. आमच्याकडे ते दर ६ मिनिटांनी जातं. सहाच का? काही वर्षांपूर्वी मीच ते लावलं. डेटा वाचावा, आणि लॉग बघताना तासाला बरोबर दहा ठोके मोजता यावेत म्हणून. त्या वेळी मोठं हुशारीचं वाटलं होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सर्व्हर हलवला. जुनं भाड्याचं एक मशीन होतं, ते सोडून क्लाउडवर गेलो. माझा धाकटा सहकारी म्हणाला, "दादा, समोर लोड बॅलन्सर ठेवू. उद्या मशीन बदललं तरी बाहेरचा आयपी पत्ता तोच राहील. परत ११८ गाड्यांना एसएमएस करायला नको." लोड बॅलन्सर म्हणजे सर्व्हरच्या पुढे उभा राहून येणाऱ्या जोडण्या आतल्या मशीनकडे पाठवणारा मधला. म्हणणं रास्त होतं, आजही आहे.

पहिला गोंधळ, ज्याने वाट चुकवली

हलवाहलवीच्या वेळीच ३४ गाड्या नव्या सर्व्हरवर आल्या नव्हत्या. त्यांच्यात एम२एम सिम होती, म्हणजे माणसांच्या फोनसाठी नाही तर यंत्रांसाठीची, तेरा आकडी नंबरवाली. ही नंबरांची रचना देशात २०१८ पासून आहे. या सिमना मोकळीक नसते. ठरवून दिलेल्या आयपीशीच डेटा, आणि ठरवून दिलेल्या नंबरांवरूनच एसएमएस. आम्ही नवा पत्ता एसएमएसने पाठवत होतो तो माझ्या फोनवरून, आणि माझा फोन त्या यादीत नव्हता. पाठवलेला एसएमएस गेल्यासारखा दिसायचा, ट्रॅकरला मिळायचा नाही. बरं, मिळाला असता तरी नवा आयपी यादीत नव्हताच. सिम पुरवणाऱ्याकडून दोन्ही नोंदी करून घेतल्या, चार दिवस गेले, ३४ गाड्या आल्या. विषय संपला.

संपला खरा, पण डोक्यात एक खिळा ठोकून गेला: काही बिघडलं तर मोबाइल कंपनीकडे बघायचं. जूनमध्ये गाड्या जायला लागल्या तेव्हा पहिले तीन दिवस आम्ही त्याच खिळ्याला लटकत होतो. ८४ साध्या सिमच्या गाड्याही जात होत्या, हे दिसत असूनही.

त्यात पाऊस. मुंबईत जूनमध्ये काहीही बंद पडलं की पावसाने पडलं. मालकांचं ठाम मत होतं की ढगांमुळे सिग्नल जातो. जीपीएसची मुख्य लहर १५७५.४२ मेगाहर्ट्झची. या पट्ट्यातल्या लहरींना पाऊस जवळजवळ अडवतच नाही. डिश टीव्हीचा पावसात ठोकळा होतो, कारण त्याची लहर कितीतरी जास्त फ्रिक्वेन्सीची असते. मी हे मालकांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पाऊस नसताना का नाही गेल्या?" मे महिन्यात बस रस्त्यावर नव्हत्या हे उत्तर मला त्या क्षणी सुचलं नाही.

चौथ्या दिवशी सहकाऱ्याने बारा वाजता, सगळं करडं असतानाच, घरून आमच्या पोर्टला (सर्व्हरच्या दाराला) टेलनेट केलं, म्हणजे जोडणी होते का ते बघितलं. पडद्यावर "कनेक्टेड" आलं. "सर्व्हर तर उघडा आहे," तो म्हणाला. म्हणजे पुन्हा मोबाइल कंपनी. पाचव्या दिवशी त्याला लॉगमध्ये दर तीस सेकंदांनी कुणीतरी जोडणी करून एक अक्षरही न बोलता निघून जाताना दिसलं. हल्ला होतोय की काय म्हणून एक संध्याकाळ फायरवॉलमध्ये गेली. तो आमचाच लोड बॅलन्सर निघाला. मशीन जिवंत आहे ना, हे तो दर तीस सेकंदांनी दार वाजवून बघत होता.

टेलनेटच्या त्या "कनेक्टेड"ने आमचं सर्वांत जास्त नुकसान केलं. टीसीपीचा पहिला हस्तांदोलनाचा भाग ऑपरेटिंग सिस्टिम करते, तुमचा प्रोग्रॅम नाही. सिस्टिम जोडणी पुरी करून रांगेत ठेवते, प्रोग्रॅमने यायचं आणि रांगेतून उचलायची. प्रोग्रॅम उचलत नसला तरी बाहेरच्याला जोडलं गेल्यासारखंच दिसतं. ऑफिसच्या दारातल्या शिपायाने "या, बसा" म्हटलं म्हणजे आतले साहेब जागेवर आहेत असं नाही. ट्रॅकरही तसेच बाकावर बसून होते. लॉगिन पाठवलेलं, पोच नाही. पोर्ट उघडा आहे का हे बघण्यापेक्षा लॉगिनचं पाकीट हाताने पाठवून पोच येते का ते बघितलं असतं तर चौथ्या दिवशीच कळलं असतं.

भांडुपचे रेडिओवाले काका

सातव्या दिवशी मी गाड्याच बघायला गेलो. सकाळची पाळी संपली की चाळीसेक बस भांडुपला एका मोकळ्या प्लॉटवर उभ्या राहतात. चिखल, निळ्या ताडपत्र्या, एका टपरीवर ड्रायव्हर मंडळींचा चहा. एका बसच्या डॅशबोर्डखाली हात घालून ट्रॅकर बाहेर ओढला. तीन बारीक दिवे असतात: पॉवर, जीपीएस, जीएसएम. तिन्ही नीट. वायर घट्ट, अँटेना वर तोंड करून. यंत्राला काहीही झालं नव्हतं, आणि मोबाइलवर तीच बस करडी.

शेजारच्या बसमध्ये एफएम चालू होता. सीटवर पाय पसरून एक काका ऐकत होते. सहज त्यांच्या बसचा नंबर टाकला. हिरवी. प्लॉटवरच्या चाळीस गाड्यांत तेवढीच एक.

"काका, तुमची गाडी रोज दिसते का हो?"

"आमची कधी गेलीच नाय. मालक पण बोलले, तुझ्या गाडीला नजर नाय लागत." मग आवाज खाली करून, "चावी बघून तक्रार नका करू साहेब. टेप चावीवर चालतो, म्हणून अर्धी फिरवून ठेवतो. बॅटरी उतरली तर धक्का मारायला पोरं आहेत."

ट्रॅकरची एक तार चावीच्या लाइनला असते. चावी अर्धी फिरली तरी ट्रॅकरला वाटतं गाडी चालू आहे, आणि तो पंधरा-पंधरा सेकंदांनी ठिकाण पाठवत राहतो. एकच प्लॉट, एकच टॉवर, एकच कंपनीचं सिम, डोक्यावर एकच पाऊस. फरक एवढाच, की ही गाडी बडबडत होती आणि बाकीच्या गप्प होत्या. गप्प राहणाऱ्याचीच जोडणी मरत होती.

तिथेच उभ्या उभ्या एक गोष्ट लक्षात आली. सात दिवस आम्ही "का तुटतं" असं विचारत होतो, आणि त्याला पाऊस, कंपनी, हॅकर अशी हवी तेवढी उत्तरं मिळत होती. "गप्प बसल्यावर किती वेळाने तुटतं" हे कुणी मोजलंच नव्हतं.

गॅरेजमधली गाडी

मोजायला एक न हलणारी गाडी हवी होती. एक बस गिअरबॉक्ससाठी विक्रोळीला गॅरेजमध्ये होती, चार दिवस चावी बंद. तिचा त्या सकाळचा लॉग काढला.

०५:३१:०४ लॉगिन
०५:३७:१० लॉगिन
०५:४३:१६ लॉगिन
०५:४९:२२ लॉगिन

असंच पुढे. शेवटची ओळ ०८:५२:२२. नंतर काही नाही.

हा लॉग मी आधी दोनदा बघितला होता आणि "लॉगिन येतंय, ठीक आहे" म्हणून पुढे गेलो होतो. आता दिसलं की यात लॉगिनशिवाय काहीच नाही. १३ क्रमांकाचं पाकीट एकही नाही. उभ्या गाडीने एकदा ओळख सांगावी आणि मग तासन्‌तास नुसते ठोके द्यावेत. ही गाडी दर ६ मिनिटं ६ सेकंदांनी नव्याने ओळख सांगत होती. सहा मिनिटं झाली, ती ठोका द्यायला गेली, ठोका पोचलाच नाही, जोडणी मेलेली निघाली. पाच-सहा सेकंदांत तिने नवी जोडणी केली आणि लॉगिन पाठवलं. पुढच्या सहा मिनिटांनी परत तेच. नकाशावर हे सगळं हिरवंच दिसत होतं, कारण आमचं ॲप कुठलंही पाकीट आलं की हिरवं करतं.

मग सर्व्हरवर एसएस कमांड चालवून जोडण्या मोजल्या. गाड्या ११८. जिवंत म्हणून नोंदलेल्या जोडण्या १,०१३.

आकडा बघून सहकारी आणि मी एकमेकांकडे बघितलं. लिनक्सवर (आमच्या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम) एका प्रोग्रॅमला उघडता येणाऱ्या फाइलींची नेहमीची मर्यादा १,०२४. प्रत्येक जोडणी एक फाइल धरते. लॉग, डेटाबेस वगैरे मिळून आमचे अकरा. १,०१३ आणि ११, बेरीज करून बघा. एरर फाइल शोधली. नव्या मशीनवर ती वेगळ्याच फोल्डरमध्ये जात होती, जिथे आम्ही कधी डोकावलो नव्हतो. "टू मेनी ओपन फाइल्स", सेकंदाला एक ओळ, रोज सकाळी नऊच्या आसपासपासून.

आता उरलं ते एवढंच, की मधे तोडतंय कोण. ते शोधायला संध्याकाळी घरी लॅपटॉप घेऊन बसलो. नेटकॅटने लोड बॅलन्सरच्या पत्त्यावर जोडणी केली, पाच मिनिटं गप्प राहिलो, एक अक्षर पाठवलं: गेलं. परत जोडलं, सहा मिनिटं थांबलो, अक्षर पाठवलं: समोरून रीसेट, म्हणजे "ही जोडणी आता नाही" असं उत्तर. लोड बॅलन्सर टाळून थेट मशीनला जोडलं, सहा मिनिटं, अक्षर गेलं. मग ३४० सेकंद: गेलं. ३५५: रीसेट. बायकोने विचारलं, घड्याळाकडे बघत काय बसलायस, कुकर लावलायस का?

नंतर लोड बॅलन्सरची कागदपत्रं उघडली. ३५० सेकंद कुणीच काही बोललं नाही तर जोडणी विसरली जाईल, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. त्यानंतर काही पाठवलं तर ट्रॅकरच्या बाजूला रीसेट मिळेल, हेही. आमच्या सर्व्हरला मात्र कुणी काही कळवणार नव्हतं. ३५० आणि ३६०. माझे ते "तासाला बरोबर दहा ठोके" दहा सेकंदांनी चुकत होते. पाच मिनिटांचं सेटिंग ठेवलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

हिशोब जुळतो का

निदान पटण्यासाठी सगळ्या लक्षणांचा हिशोब लागायला हवा, म्हणून तो मांडून बघितला.

ट्रॅकरला रीसेट मिळतं, तो नवी जोडणी करतो. सर्व्हरला जुनी मेल्याचं कळतच नाही. टीसीपीत गप्प माणूस आणि मेलेला माणूस सारखेच दिसतात. "एस्टॅब्लिश्ड" हा शब्द म्हणजे त्या बाजूचा समज असतो, पुरावा नाही. आमच्या पायथन प्रोग्रॅमचा एकेक धागा अशा मेलेल्या सॉकेटला (जोडणीच्या आपल्या टोकाला) कान लावून बसला होता. त्याला वेळेची मर्यादा नव्हती. त्याच आयएमईआयने पुन्हा लॉगिन केलं तर जुनी जोडणी बंद करावी, हे मी लिहिलंच नव्हतं. लिनक्सची स्वतःची कीपअलाइव्ह तपासणी (गप्प जोडणी जिवंत आहे का हे विचारणारी) मुळात मागितल्याशिवाय लागत नाही, आणि लागली तरी पहिली विचारणा ७,२०० सेकंदांनी करते.

म्हणजे उभी गाडी तासाला जवळपास दहा मढी, म्हणजे मेलेल्या जोडण्या, सर्व्हरवर टाकते. शंभर गाड्या उभ्या असतील तर तासाला हजार.

आता सकाळ घ्या. जुन्या सर्व्हरवर मेमरी वाढत जायची म्हणून मी रोज पहाटे साडेपाचला आपोआप रीस्टार्ट लावला होता. तो नव्या मशीनवरही तसाच उचलून आणला. साडेपाचला सगळं स्वच्छ. गाड्या सहाच्या आगेमागे निघेपर्यंत चार-एकशे मढी जमतात. मग गाड्या चालू, बडबड चालू, वाढ जवळपास थांबते. साडेसहाला बघणाऱ्याला ११८ पैकी ११८ हिरव्या. साडेसात-आठनंतर गाड्या प्लॉटवर लागतात, मढ्यांची रांग परत वाढते, आणि नऊच्या सुमारास १,०१३ पुरे होतात. पुढच्या ठोक्याला प्रत्येक उभ्या गाडीची जोडणी जाते आणि नवी मिळत नाही. बाराला गाड्या निघतात, सर्व्हर त्यांना उचलत नाही. पहिल्या दिवशीचे तीन हिरवे ठिपके म्हणजे ज्यांच्या चाव्या सकाळपासून बंदच झाल्या नव्हत्या त्या गाड्या. त्यातले एक काका कोण, ते सांगायला नको.

जुन्या सर्व्हरवर हे का झालं नाही? तिथे मधे लोड बॅलन्सर नव्हता. मोबाइल कंपनीचं नॅट (अनेक सिमना एकाच बाहेरच्या पत्त्यावरून इंटरनेटवर नेणारी यंत्रणा) अधूनमधून एखादी गप्प जोडणी विसरायचं, पाच-पन्नास मढी जमायची, आणि पहाटेचा रीस्टार्ट ती उचलून न्यायचा. दोष माझ्या प्रोग्रॅममध्ये पहिल्यापासून होता. तो रीस्टार्ट त्याच्यावर रोज चादर टाकत होता. माझं मत असं आहे की कारण माहीत नसताना लावलेला रोजचा रीस्टार्ट म्हणजे दुखणं दाबणारी गोळी, आणि मी ती बरीच वर्षं घेत होतो.

काय केलं, आणि काय करून भागलं नसतं

सहकाऱ्याने तत्काळ सुचवलं, मर्यादा १,०२४ वरून ६५,५३६ करू. केली, लागते ती. पण तेवढ्यावर थांबलो असतो तर? तासाला अकराशे धरले तर साठ तास मिळाले असते. सोमवारी पहाटे सुरू केलं असतं तर बुधवारी संध्याकाळी पडलं असतं, तेही पहाटेचा रीस्टार्ट काढला तर. तो ठेवला असता तर कधीच पडलं नसतं आणि आम्ही पाठ थोपटून घेतली असती.

खरी दुरुस्ती दोन ओळींची. त्याच आयएमईआयने नवं लॉगिन आलं की जुनी जोडणी बंद. आणि कुठल्याही जोडणीवर पंधरा मिनिटं काही आलं नाही तर ती बंद. हे केल्यावर लोड बॅलन्सरने काहीही तोडलं तरी मढी साठत नाहीत.

तिसरं म्हणजे हार्टबीट ६ वरून ४ मिनिटांवर आणलं. लोड बॅलन्सरची मुदत वाढवायचा विचार होता, पण मुदत फक्त त्याचीच नसते. मोबाइल कंपन्यांचं नॅटही मधे बसलेलं असतं. २००८ चा आरएफसी ५३८२ हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज सांगतो की नॅटने जोडलेली टीसीपी जोडणी निदान २ तास ४ मिनिटं लक्षात ठेवावी. व्यवहारात ती त्याच्या कितीतरी आधी विसरली जाते, आणि त्यावर आपला हात चालत नाही. हात चालतो तो ट्रॅकरवर. ही आज्ञा एसएमएसने द्यायला परत त्या ३४ सिमची यादी आडवी आली असती, पण जीटी०६ मध्ये ८० क्रमांकाचं पाकीट आहे: सर्व्हर चालू जोडणीवरूनच ट्रॅकरला आज्ञा पाठवू शकतो. सकाळी सातला, सगळ्या गाड्या बडबडत असताना, ११८ आज्ञा पाठवल्या. ११७ कडून होकार आला.

डेटाची काळजी होती ती हिशोब केल्यावर गेली. ४ मिनिटांचे ठोके म्हणजे दिवसाला ३६०. पाकीट, पोच आणि टीसीपीची वेष्टणं धरून महिन्याला दोन एमबीच्या आत. उलट, दर सहा मिनिटांनी नवं हस्तांदोलन आणि नवं लॉगिन यात जास्त जात होतं.

पहाटेचा रीस्टार्ट काढून टाकला. पहिले दोन दिवस मी साडेपाचला उठून जोडण्या मोजत होतो. १२१, ११९, १२०. अॅपमध्येही बदल केला. नुसत्या लॉगिनवर ठिपका आता हिरवा होत नाही, पिवळा होतो. ठोका किंवा ठिकाण आलं तरच हिरवा.

एकशे अठरावी

होकार न देणारी एक गाडी होती, तिची गंमत दुरुस्ती लागल्यावर दिसली. दुपारी मालकांचा फोन: "आता सगळ्या दिसतायत, पण ही एक मुलुंड चेकनाक्यावरून पवईला उडी मारते. परत चेकनाक्यावर. दर अर्ध्या मिनिटाला."

लॉग बघितला. एकाच आयएमईआयचं लॉगिन, परत लॉगिन, परत लॉगिन. नव्या नियमाप्रमाणे सर्व्हर प्रत्येक वेळी जुनी जोडणी तोडत होता. दोन ट्रॅकर एकच नाव सांगत होते आणि एकमेकांना बाकावरून ढकलत होते. आधी दोघांची जोडणी शेजारी शेजारी चालायची, मढ्यांच्या गर्दीत वेगळी कळायची नाही. दोघांचं ठिकाण एकाच आयएमईआयच्या नावावर चढत होतं. पालकांनी तक्रार केली असणार, आणि आम्ही "जीपीएस थोडं इकडेतिकडे दाखवतं" म्हणालो असणार.

मालकांनी दोन वर्षांपूर्वी एक ट्रॅकर बदलून घेतला होता, स्वस्तात, एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून. त्याच्या आतला आयएमईआय आमच्याच दुसऱ्या ट्रॅकरचा होता. वरच्या स्टिकरवर वेगळा, आत वेगळा. आयएमईआयशी अशी छेडछाड करणं कायद्याने गुन्हा आहे, हे मालकांना सांगितल्यावर त्यांनी तो ट्रॅकर त्याच संध्याकाळी काढून आणून माझ्या टेबलावर ठेवला. नवा बसवला. जुना काढल्यावर आमच्या यादीत आयएमईआय परत ११८ झाले. तोवर इतके दिवस ते ११७ च होते, आणि मी ११८ मोजत होतो, कारण मी गाड्यांची यादी मोजत होतो.